इंग्रजीत नेमके, कमी ऐकिवातले शब्द कसे अंगवळणी पाडायचे? नागपूरकरांनो सांगा ना

उमरेड_रोड:
नमस्कार मंडळी. माझी शाळा पूर्ण मराठी माध्यमाची, पुढे इंग्रजी शिकलो पण ते परीक्षेपुरतं. आता मिहानमधे एका कंपनीत आहे, रोज मेल लिहितो, क्लायंटशी बोलतो, व्याकरण बऱ्यापैकी आहे, काम काही अडत नाही. पण माझ्या प्रत्येक मेलमधे तेच ते शब्द येऊन राहिले, गुड, नाइस, बिग, व्हेरी इम्पॉर्टंट, इश्यू. आमच्या टीममधली एक जण तोच मजकूर लिहिते तर वाचावंसं वाटतं, शब्द फार अवघड नसतात तिचे पण बरोब्बर जागी बसलेले असतात. मी सीताबर्डीवरून शब्दांचं एक जाडं पुस्तक आणलं, ए पासून सुरू, अबेट, अबेट (हा दुसऱ्या स्पेलिंगचा), अब्जेक्ट, अ‍ॅब्नेगेट... रोज पाठ करतो आणि आठवडाभरानं पाटी कोरी. आणि एखादा टिकलाच डोक्यात तर तो वापरावा कुठं हे समजत नाही. दिवाळीनंतर आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा पण द्यायचीय. कोणी हे खरंच जमवलं असेल तर खुलून सांगा, दोन ओळींचं उत्तर नको.

तर्री_जास्त:
इंग्रजी पेपर वाच भाऊ. हितवाद घे, गोखल्यांनी १९११ मधे नागपुरात सुरू केलेला पेपर आहे, अजून निघतो. आधी अग्रलेख वाच मग बाकीचं. यादी बाजूला ठेव.

उमरेड_रोड:
वाचतो दादा. पण अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहिला की पान उलटेस्तोवर विसरून जातो, त्याचं काय करू?

माजी_मास्तर_धरमपेठ:
उमरेड रोड, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे विसरणं हा तुमच्या डोक्याचा दोष नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्मरणशक्तीवरचे प्रयोग छापले, ते त्यानं स्वतःवरच केले होते आणि मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून केले होते. निष्कर्ष हा की अर्थ नसलेली गोष्ट पहिल्या काही तासांतच भराभर गळते. तुमच्या पुस्तकातला शब्दही आगापिछा नसला की तुमच्यासाठी असंच एक अर्थहीन अक्षर असतो. त्यात ती यादी अकारविल्हे, म्हणजे सारखे दिसणारे सारखे ऐकू येणारे शब्द एकमेकांना चिकटून, एक अबेट म्हणजे ओसरणं आणि दुसरा अबेट म्हणजे गुन्ह्याला चिथावणी देणं, हे दोन्ही एकाच दिवशी पाठ केले तर गोंधळ होणारच. शिकायचा क्रम म्हणून तर एबीसीडीपेक्षा वाईट क्रम मला माहीत नाही.

दुसरं, कुठले शब्द. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मधे इंग्रजीतल्या सगळ्यात उपयोगाच्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी काढली, ते शब्द तुम्हाला येतातच, त्यावर तर नोकरी चाललीय तुमची. मग पॉल नेशन यांनी २००६ मधे हिशेब मांडला की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. कुळ म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं एक धरून. आता पाहा, तुम्ही दोन हजारावर उभे आहात आणि ते पुस्तक तुम्हाला एकदम अ‍ॅब्नेगेटवर नेऊन राहिलं. मधला पट्टा सगळा रिकामा. रिलक्टंट, प्लॉझिबल, टेंटेटिव्ह, स्क्रुटिनी, मिटिगेट, इनेव्हिटेबल, हे त्या पट्ट्यातले, आणि तुमच्या त्या सहकारी मुलीचे शब्द इथलेच असणार, पैज लावतो. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुळांची एक यादी आहे, अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची. यादी हवीच असेल तर ती घ्या, पण पाठ करायला नको, वाचताना खूण करायला घ्या.

तिसरं मला सगळ्यात जवळचं. शब्द एकटा शिकूच नये. आपण मराठीत रणरणतं ऊन म्हणतो, कडाक्याची थंडी म्हणतो, धो धो पाऊस म्हणतो, 'धो धो थंडी' कोणी म्हणत नाही आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून आलंय. इंग्रजीत पाऊस हेवी आणि चहा स्ट्राँग. तुमच्या यादीतला अब्जेक्ट घ्या. तो शब्द जातो पॉव्हर्टीबरोबर, फेल्युअरबरोबर, टेररबरोबर, म्हणजे जिथं अगदी तळ गाठलाय तिथं. अब्जेक्ट हॅपिनेस असं काही नसतं. ओसरणारा अबेट घ्या, वादळ अबेट होतं, राग होतो, पुराचं पाणी होतं, दुखणं होतं. आता वहीत 'अबेट म्हणजे कमी होणं' असं लिहिलंत तर उद्या तुम्ही पगार अबेट झाला लिहाल. त्याऐवजी 'द स्टॉर्म अबेटेड बाय इव्हनिंग' एवढं आख्खं वाक्य लिहा, शब्दाचा अर्थ, जागा आणि सोबती तिन्ही त्यातच आले.

मेसवाली_इंजिनिअर:
सरांनी वाक्य लिहायला सांगितलं त्यात माझी भर. कार्डाच्या एका बाजूला तेच वाक्य पण शब्दाच्या जागी रिकामी जागा, मागच्या बाजूला शब्द. शब्द समोर अर्थ मागे असं केलं की ओळखता येतं पण बोलताना सुचत नाही, रिकाम्या जागेमुळे डोक्याला तो बाहेर काढावा लागतो. मग लाइटनरची पेटी, १९७० च्या दशकातली पद्धत आहे, खोक्यात पाच कप्पे करायचे, उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात आणि चुकलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि पुढचे जास्त जास्त अंतरानं. मोबाइलवर अँकी नावाचं २००६ पासूनचं अ‍ॅप हेच करतं. फक्त दुसऱ्यांनी बनवलेली तयार कार्डं उतरवू नका, मी हिंगण्याला होस्टेलवर असताना रूममेटनी उतरवलेली, हजारो कार्डं, तिनं एकही वाक्य स्वतः वाचलेलं नव्हतं आणि काही उपयोग झाला नाही. आपण वाचलेल्या पानातलं वाक्य पाहिजे, तेव्हा कुठं वाचलं ते पण आठवतं.

महालातली_ताई:
मराठी शाळेचं ओझं वाटून घेऊ नको रे, उलट तुझ्याकडे एक किल्ली आहे जी इंग्रजी शाळेतल्या पोरांना बहुतेक कोणी देत नाही. इंग्रजीतले भारदस्त शब्द बहुतांश लॅटिन आणि ग्रीकमधून आलेत आणि त्या भाषा संस्कृतच्या नात्यातल्या. दंत आणि डेंटल तर सगळ्यांना माहीत असतं. पुढं बघ. अग्नी आणि इग्नाइट. सर्प आणि सर्पेंटाइन, म्हणजे नागमोडी. नक्त म्हणजे रात्र, त्याचं नात्यातलं नॉक्टर्नल. मृत्यू आणि मॉर्टल. जानु म्हणजे गुडघा, म्हणून जेन्युफ्लेक्ट म्हणजे गुडघा टेकणं. स्वेद आणि स्वेट. योग, युग, म्हणजे जोडणं, त्यातून जू, आणि तिकडं योक, कॉन्जुगल, सब्जुगेट म्हणजे मानेवर जू ठेवणं, ताब्यात आणणं. ज्ञा धातू तर अख्खं घराणं आहे, कॉग्निशन, इग्नोरंट, डायग्नोसिस, अ‍ॅग्नॉस्टिक. वाच् म्हणजे वाणी, त्याच्या नात्यात व्होकल, व्होसिफरस आणि इक्विव्होकल, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच लागू पडेल असं मोघम बोलणं.

पण सांभाळून हं. अश्व आणि लॅटिन इक्वुस नात्यातले, त्यामुळे इक्वाइन म्हणजे घोड्यासंबंधी, पण इक्विव्होकलमधला इक्वि घोड्याचा नाही, तो 'समान'वाला वेगळा शब्द. आणि संत आणि सेंट यांचा काही संबंध नाही, दिसतात मात्र सख्खे. आपला संत सत् वरून, त्यांचा सेंट सँक्टसवरून. त्यामुळे कोशात व्युत्पत्ती बघायची, फक्त आवाजावर जायचं नाही. मी शिकवणीत पोरांना आधी धातू देते मग शब्द, एका धातूत आठ-दहा शब्द गुंफले जातात आणि ते सुटत नाहीत सहसा.

तर्री_जास्त:
ताई, एक नंबर! युग आणि कॉन्जुगल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बेंचवाला:
मी हायकोर्टाच्या नागपूर बेंचला वकिली करतो. वरचं सगळं पटलं पण एक इशारा द्यायचाय कारण रोज बघतो. नवीन मुलं अर्जात भारी शब्द घालतात आणि अर्थाचा अनर्थ होतो. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, म्हणजे त्याचा स्वतःचा हितसंबंध नसावा, निष्पक्ष असावा. अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला ऐकायचंच नाही तो. ही दोन विशेषणं अदलाबदल केलीत तर समोरच्या खुर्चीवर बसलेल्याला काय वाटेल विचार करा. एनर्व्हेटेड म्हणजे गळून गेलेला, लोक उत्साही समजतात. नॉइसम म्हणजे घाण वास मारणारं, गोंगाटाशी संबंध नाही. पेनल्टिमेट म्हणजे शेवटून दुसरा, अंतिमपेक्षा अंतिम असं काही नाही ते. मेरिट्रिशियस म्हणजे वरून चकाचक आतून पोकळ, आणि तो शब्द मी एकाच्या शिफारसपत्रात कौतुक म्हणून वाचलाय.

माझा नियम सांगतो, चांगल्या लिखाणात तो शब्द निरनिराळ्या ठिकाणी भेटल्याशिवाय मी लेखणीला लावत नाही. ओळखायचे शब्द भरपूर असू द्या, वापरायचे थोडे. आणि साध्या शब्दानं काम होत असेल तर साधाच लिहा. मला तर वाटतं हा दुर्मिळ शब्दांचा नादच चुकीचा आहे.

संत्रा_बर्फी:
वकीलसाहेब, बाकी पटलं, शेवटचं वाक्य सोडून. अर्जात साधंच लिहा, हरकत नाही, पण माणूस फक्त अर्ज लिहायला भाषा शिकत नाही ना. काही शब्द नुसते ओळखीचे झाले तरी जगण्यात भर पडते.

आपल्याच शहरापासून धरा. संत्र्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो आपल्या भारतातूनच निघालेला, संस्कृत नारंग, मग फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिशमधे नारान्हा, आणि इटालियन-फ्रेंच वळणावर पहिला न गळून ऑरेंज. असाच न इंग्रजीतही गळतो. जामठ्याला मॅच बघायला जाता ना, तिथला अंपायर मुळात नंपायर होता, जुन्या फ्रेंचमधे नॉनपेर म्हणजे जोडीत नसलेला, दोघांच्या भांडणातला तिसरा. 'अ नंपायर' म्हणता म्हणता लोकांना 'अ‍ॅन अंपायर' ऐकू यायला लागलं आणि न शेजारच्या घरी गेला. एप्रनचंही तेच, नेप्रन होता. आणि मंगूज हा तर आपल्या मराठी मुंगसावरून गेलेला शब्द, म्हणून त्याचं अनेकवचन मंगूजेस होतं, गूजसारखं गीस होत नाही. मला सांगा, हे एकदा कळल्यावर हे शब्द कोणी विसरेल का?

आणि पेट्रिकोर. पहिल्या पावसाचा मातीचा वास. हा शब्द १९६४ मधे ऑस्ट्रेलियाच्या दोन शास्त्रज्ञांनी बनवला, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस, नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला होता, पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे ग्रीक देवांच्या नसांमधून वाहणारा द्रव. आपल्याकडे कनौजला याच वासाचं मिट्टी अत्तर आधीपासून काढतात. दुसरा माझा आवडता अ‍ॅप्रिसिटी, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या कोशात आहे आणि नंतर जवळजवळ कोणी वापरलाच नाही. डिसेंबरमधे सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून पाठीवर ऊन घेतो आपण, त्याला या माणसानं चारशे वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलं होतं. हा शब्द मी मेलमधे लिहिणार नाही. पण तो माहीत असण्याचा मला आनंद आहे आणि तो आनंद नाद म्हणून मोडीत काढलेला मला आवडणार नाही.

बेंचवाला:
मान्य. 'नाद चुकीचा' हे मागे घेतो, मिरवण्याचा चुकीचा म्हणू. अंपायरचं माहीत नव्हतं, छान सांगितलंत.

माजी_मास्तर_धरमपेठ:
संत्रा बर्फी, तुमचं आणि माझं भांडण नाहीच. गोष्ट चिकटली की शब्द राहतो, तुम्ही तेच केलंत. फक्त उमरेड रोडना परीक्षा आणि नोकरी आहे, म्हणून मी मधल्या पट्ट्यावर जोर देतो.

जीआरई_देऊन_झालेला:
परीक्षेचं मी सांगतो. जीआरईमधे, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी देतात त्या परीक्षेत, पूर्वी सरळ विरुद्धार्थी शब्द यायचे, ते २०११ मधे काढून टाकले, आता वाक्यात रिकाम्या जागा भरायच्या असतात, म्हणजे नुसता अर्थ पाठ असून भागत नाही. आयेल्ट्सच्या रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीत चार निकष सारख्या वजनाचे आहेत त्यातला एक लेक्सिकल रिसोर्स, म्हणजे शब्दसंपत्ती. वरच्या बँडच्या, म्हणजे वरच्या गुणश्रेणीच्या, वर्णनात कमी वापरातले शब्द असा उल्लेख आहे खरा, पण त्याला लागूनच कोलोकेशन आहे, म्हणजे वर सर म्हणाले तेच, शब्दाचे सोबती. मी ज्या क्लासला जायचो तिथं प्रत्येक निबंधात प्लेथोरा आणि मिरियड घालायला लावायचे, सगळ्या बॅचचे निबंध एकाच साच्यातले दिसायचे. प्लेथोरा मुळात वैद्यकातला शब्द आहे, अंगात रक्त जास्त होण्याचा, त्यात 'जरुरीपेक्षा जास्त' अशी छटा अजून आहे, 'अ प्लेथोरा ऑफ अपॉर्च्युनिटीज' लिहून काही फायदा नाही. मेनी लिही, आणि अपॉर्च्युनिटी कुठली ते नेमकं लिही, त्यानं जास्त फरक पडतो.

उमरेड_रोड:
बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, अक्षरशः वहीत उतरवून घेतलं. सर, एक तुकडा लिहिलाय, माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, तुम्ही यावर दाखवाल का कसं करायचं? मे महिन्यातला प्रसंग आहे.

'इट वॉज व्हेरी हॉट. आय वॉक्ड फ्रॉम महाल टु सीताबर्डी स्टेशन. द लेन्स वेअर व्हेरी एम्प्टी. आय रीच्ड अँड आय वॉज व्हेरी थर्स्टी.'

माजी_मास्तर_धरमपेठ:
अवश्य. तीन व्हेरी आहेत, तिथंच काम करायचं. व्हेरी दिसला की समजा तिथं एक नेमका शब्द यायचा राहिलाय.

व्हेरी हॉट. कोशात समानार्थी म्हणून स्कॉर्चिंग, सिअरिंग, सल्ट्री, मगी, टॉरिड असे पाच-सहा मिळतील आणि इथंच लोक फसतात कारण ते समानार्थी नाहीत. सल्ट्री आणि मगी म्हणजे दमट, घामाघूम करणारी हवा, ती मुंबईची. आपला मे कोरडा, भाजून काढणारा, तर स्कॉर्चिंग किंवा सिअरिंग. टॉरिड पुस्तकी आहे, सध्या राहू द्या.

वॉक्ड. नुसतं चालणं सांगायचं असतं तर वॉक्ड ठीक होतं. पण त्या उन्हात महालातून बर्डीपर्यंत माणूस पाय ओढत जातो, त्याला ट्रज. फुटाळा तलावावर संध्याकाळी जातो ते स्ट्रोल, तिथंच हात मागे बांधून रमतगमत गेलात तर सॉन्टर, साहेब केबिनमधून ताड ताड निघतात ते स्ट्राइड. शब्द वाढवायचे तर विशेषणांआधी क्रियापदांकडे बघा, माझं हे ठाम मत आहे, क्रियापद बदललं की वाक्य जागं होतं.

व्हेरी एम्प्टी. डबा एम्प्टी असतो. जिथं एरवी माणसं असतात आणि आत्ता नाहीत ती गल्ली डिझर्टेड. व्हेरी थर्स्टीला पार्च्ड, घसा कोरडा पडलेला, तापून भेगा पडलेल्या जमिनीलाही हाच शब्द.

'द आफ्टरनून वॉज स्कॉर्चिंग. आय ट्रज्ड फ्रॉम महाल टु सीताबर्डी स्टेशन थ्रू डिझर्टेड लेन्स अँड गॉट देअर पार्च्ड.'

यात एकही शब्द मिरवणारा नाही. चौघांची आता चार कार्डं करा, मेसवाली इंजिनिअर म्हणाल्या तशी, रिकाम्या जागेची. आणि कोश लर्नर्स प्रकारचाच वापरा. हॉर्न्बी नावाचे गृहस्थ जपानात इंग्रजी शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जो कोश केला तो १९४८ पासून ऑक्सफर्ड काढतं. त्यात अर्थ सोप्या शब्दांत असतात आणि बहुतेक शब्दांना वाक्य असतं, आपल्यासारख्यांसाठीच बनलेला प्रकार आहे तो.

उमरेड_रोड:
सर, ट्रज तर आता विसरणं शक्य नाही, काल दुपारीच केलं. एक राहिलंच. वाचून शिकलेले शब्द उच्चारताना भीती वाटते. मीटिंगमधे 'प्लॅन ऑरी झाला', म्हणजे बिघडला, म्हणायचं होतं, ए डब्ल्यू आर वाय, पण तसंच म्हणतात की काय ते माहीत नव्हतं म्हणून गप्प बसलो.

महालातली_ताई:
भीती नको बाळगू, वाचणाऱ्या सगळ्यांना हे होतं. एपिटोम नाही एपिटमी, हायपरबोल नाही हायपर्बली. ऑनलाइन कोशात शब्दाजवळ स्पीकरचं चिन्ह असतं, कार्ड बनवतानाच ते दाबून ऐकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मनात नाही.

माजी_मास्तर_धरमपेठ:
ऑरी नव्हे, अराय. अ आणि राय, जोर राय वर. 'द प्लॅन वेंट अराय.' गो बरोबरच जातो बहुतेक वेळा, तर वेंट अराय असं जोडीनंच कार्डावर लिहा आणि पुढच्या मीटिंगमधे म्हणा.